पाणी चाखणारा

शेतावर गेल्यावर कमळाकर आधी चपला काढायचा. मग उघाडीपाशी वाकून पाण्यात बोट बुडवायचा, जिभेला लावायचा. पुन्हा बुडवून तेच बोट धाकट्या बहिणीपुढे धरायचा.

"चाख, नमे. गोडं हाय का?"

"चिखल हाय!" नमिता तोंड वाकडं करायची.

"चिखल चालंल. खारं नको."

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. पलीकडे उलव्याची खाडी, अलीकडे भात. भरतीला दार लावायचं, ओहोटीला उघडायचं. मिसरूड फुटायच्या आत वडिलांनी, शिवरामनं, ते काम त्याच्यावर सोपवलं होतं. नमिताला वाटायचं, खाडी आपल्या दादूसला घाबरते.

चौऱ्याण्णव साली आजूबाजूची शेतं विकली जात होती. कोणाच्या दारात मोटरसायकल, कोणाच्या घरावर माडी. शिवराम हलेना. "भात पिकतंय तवर शेत इकनार नाय," एवढंच. कमळाकर भरल्या ताटावरून उठायचा.

भादव्यातल्या अवसेला उधाण आलं. सकाळी शिवरामची हाक ऐकून घर धावलं. नुकतंच निसवलेलं, लोंब्या धरलेलं भात गुडघाभर पाण्यात उभं होतं आणि उघाडी सताड उघडी. शिवराम बांधावरच बसला.

"दार लावलं नवतंस का रं?" शेजारच्या कोंडिबानं विचारलं.

"लावलंवतं," कमळाकर म्हणाला.

नमिता वाट बघत होती. आता दादूस वाकेल, बोट बुडवेल, म्हणेल, पावसाचंच हाय. कमळाकर वाकला नाही. त्याच्या पायातल्या चपलासुद्धा तशाच होत्या. तो रस्त्याकडे बघत होता.

मग तिनंच बोट बुडवलं. जीभ चरचरली. पुन्हा बुडवून तिनं ते त्याच्यापुढे धरलं.

"दादूस, चाख."

त्यानं तिचा हात हळूच खाली केला. "मना ठावं हाय."

तो हात तसाच लोंबत राहिला. भात गेलं, म्हणजे बाबा विकणार. दादूसला तेच हवं होतं. हे तिला कळलं, आणि बांधावर बसलेल्या बाबांना कळलेलं नाही, हेही. तिनं ते कोणालाच सांगितलं नाही. दिवाळीआधी शेत गेलं. दारात मोटरसायकल आली. नमिता तिच्यावर कधी बसली नाही, कमळाकरला पुन्हा दादूस म्हणून हाकही मारली नाही.

उधाणाच्या त्या दुपारी मात्र आईनं रोजच्यासारखीच पानं वाढली होती. शिवरामनं भाताला हात लावला नाही. कमळाकरनं कालवण कालवलं, एक घास खाल्ला आणि मान वर न करता म्हणाला,

"नमे, जरा मीठ दे गो."