वाराच्या दिवशीची सुनावणी

त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता गावच्या शाळेत जमिनीची सुनावणी सुरू झाली. त्या वेळी गावात एकही गावकरी नव्हता. शाळेत भूसंधारणाचे अधिकारी, त्यांचा कारकून, जीपचा ड्रायव्हर आणि मी, असे चौघे होतो.

सत्तरच्या दशकाची अखेर, एप्रिल महिना. वर्तमानपत्रासाठी सुनावणीची बातमी करायला मी आदल्या दिवशी कोल्हापूरहून निघालो होतो. निपाणीला बस अर्धा तास थांबली. वखारींतल्या तंबाखूचा वास इतका दाट होता की चहालाही तोच वास आला. शेजारच्या म्हाताऱ्याने कुठे चाललात, असे विचारले. माळाच्या सुनावणीला, असे सांगितल्यावर तो म्हणाला, "सरकार इचारायला आलं म्हंजे ठरवून आलंय बघा." आणि शिंकत खाली उतरला.

रात्र बेळगावच्या कॅम्पातल्या एका लॉजमध्ये काढली. सकाळच्या बसने पिरनवाडीला उतरलो आणि पश्चिमेकडे दीड तास चाललो. लाल माती, काजूची झाडे, मध्येच भाताची कोरडी खाचरे. उतारावर ठिकठिकाणी पुरुषभर खोल घळी पडलेल्या होत्या. पावसाळ्यात माती ओढ्यात जाते ती इथूनच. आराखडा त्यासाठी होता. गावामागचा सगळा माळ चर खणून, झाडे लावून बंद करायचा. चराई बंद, पेरणीही बंद. ज्याची हरकत असेल त्याने मंगळवारी पाचपर्यंत शाळेत स्वतः येऊन नोंदवावी, न नोंदवल्यास संमती धरली जाईल, असे चावडीवरच्या कन्नड नोटिशीत लिहिले होते.

वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. जीप आत नेण्यासाठी ड्रायव्हरने त्या बाजूला सारल्या होत्या. घरोघर कड्या आणि कुलपे होती. गोठे रिकामे होते.

"जीप पाहून पळाले असतील," कारकून म्हणाला.

अधिकारी धारवाडकडचे, चाळिशीचे, सावकाश मराठी बोलणारे. त्यांनी हजेरीचा कागद समोर ठेवला आणि घड्याळ काढून त्यावर ठेवले. शाळेच्या मागच्या खिडकीतून माळावर धूर दिसत होता. मी तिकडे निघालो.

सगळे गाव माळावर होते. झाडांना चादरी बांधून सावल्या केल्या होत्या, तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या, गुरे उताराला बांधली होती. त्या दिवशी वार पाळणूक होती. (लक्ष्मीच्या जत्रेआधी काही मंगळवार गाव रिकामे करतात. दिवस उगवायच्या आत माणसे आणि जनावरे शिवारात जातात, रांधणे-जेवणे तिथेच होते. दिवस मावळेपर्यंत वेशीच्या आत पाऊल टाकायचे नाही.) ज्या माळाची सुनावणी गावात चालली होती, त्याच माळावर गाव जेवत बसले होते.

पंचांपैकी सर्वांत वडील आप्पा. साठीच्या पुढचे, कानात भिकबाळी. त्यांनी मला आधी भाकरी आणि वांग्याचे भरीत दिले, मग ऐकून घेतले.

"आज? वाराच्या दिवशी?" ते म्हणाले. "साऱ्या मुलखाला ठावं हाय आज वार हाय. आम्ही म्हटलं तारीख सायबच फिरवंल."

"तुम्ही कळवलं होतं?"

"ह्यात कळवायचं काय?"

पलीकडून एकजण ओरडला, "सायबालाच हिकडं आणा की! भाकरी खाईल, माळ बी बघंल."

हसू उसळले आणि लगेच थांबले. न जाणे म्हणजे संमती, हे त्यांना आता माझ्याकडून कळले होते.

दोन वाजता मी शाळेत परत आलो आणि अधिकाऱ्यांना माळावर येण्याची विनंती सांगितली. त्यांनी नोटिशीची प्रत माझ्यासमोर सरकवली. "जागा शाळा लिहिलेली आहे. मी जागा बदलली तर उद्या कोणीही म्हणेल, सुनावणी बेकायदा. माणूस एकच येऊ दे. त्याची अर्जी (अर्ज) मी घेतो. कोणीच आलं नाही तर मी काय लिहू?"

हा निरोप घेऊन मी पुन्हा माळ चढलो. साडेतीन वाजले होते.

माळाच्या खालच्या अंगाला, इतरांपासून थोड्या अंतरावर, बौद्ध वस्तीतली आठ-दहा घरे बसली होती. त्यांत शेवंताअक्का होती. पन्नाशीची, उंच, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. माळावरच्या जमिनीचा एक तुकडा ती कसत होती, त्यात रताळी लावत होती.

"सासऱ्यानं दगड येचून येचून केल्यालं रान हाय ह्ये," ती म्हणाली. "कागूद न्हाय. ह्याच्यावर पोरगं मॅट्रिक झालं. उद्या चर मारला की संपलं."

"तुम्ही वार पाळता?"

"आमचा कुठला वार, अण्णा? आम्ही लक्ष्मी सोडून लई वर्सं झाली. गाव निघतंय म्हणून निघतो."

"मग तुम्ही जाऊ शकता."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "मी आज वेशीत पाय घातलो, आन् उद्या कुणाचं जनावर मेलं, तर कुणाच्या नावावर जाईल?"

हे तिने आप्पांनाच विचारायचे ठरवले. ती वर गेली, मीही गेलो. चुलीपाशी पंच बसले होते.

"आप्पा, मी शाळंत जाऊ का?"

आप्पांनी लाकूड आत सारले. "आत जीप गेलीच हाय की."

"जीप सायबाची."

"व्हय. सायबाला देवी वळखत न्हाय. आपल्या माणसाला वळखती."

"मग मी जाऊ का नको?"

"जा म्हणत न्हाय. जाऊ नको बी म्हणत न्हाय."

"तसं न्हाय चालायचं, आप्पा. चौघांच्या देखत तोंडानं जा म्हणा."

माझ्या घड्याळात सव्वाचार झाले होते. आप्पा चुलीकडे पाहत राहिले. एक बाई म्हणाली, "बस गं शेवंता, होईल काय व्हायचं त्ये." दुसरी म्हणाली, "तुझं रान जाईल, आमची बी म्हसरं जातील की चरायची. येकटीलाच घाई?"

"म्हणूनच इचारतोय न्हवं," अक्का म्हणाली. मग ती उतार उतरू लागली.

मी तिच्या मागे होतो. वेशीपाशी तिने वळून माळाकडे पाहिले. वर सगळे उभे होते. तिने चपला काढून हातात घेतल्या आणि आत गेली.

शाळेत पोचलो तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटे होती. अक्का अधिकाऱ्यांशी कन्नडमध्येच बोलली. आधी तिने गुरांची चराई लिहायला सांगितली, मग माळावरच्या झऱ्याची वाट, मग सरपण. स्वतःचे रान शेवटी सांगितले. कारकुनाने लिहिलेले तिने त्यालाच दोनदा वाचून दाखवायला लावले. दुसऱ्या वेळी झरा राहिल्याचे तिच्या ध्यानात आले. तो लिहवून तिने अंगठा दिला. पाच वाजता वही बंद झाली. तीत हरकत एकच होती.

दिवस मावळल्यावर गाव आत आले. अक्काशी कोणी बोलले नाही. आप्पाही बोलले नाहीत.

बुधवारी बेळगावच्या कचेरीत चौकशी केली, पण साहेब दौऱ्यावर होते. गुरुवारी सकाळी ते भेटले. एका हरकतीत सगळ्या गावाचा प्रश्न आल्यामुळे त्यांनी वरिष्ठांना विचारून फेरसुनावणी लावली होती. दिवस बुधवार. पत्राची प्रत गावात नेऊन देतो, असे मी म्हणालो, आणि दुपारी पुन्हा पिरनवाडीला उतरलो.

आप्पा घरी नव्हते. ओढ्यापलीकडच्या शेतात ते एकटे खड्डा खणत होते. बांधाजवळ गोणपाटाखाली त्यांच्या म्हशीचे रेडकू मरून पडले होते. मी पत्र वाचून दाखवले.

"बुधवारी? बरं झालं," ते म्हणाले आणि खणत राहिले.

"हे कधी मेलं?"

"काल."

"कशानं?"

"फुगलं, मेलं. रेडकूच त्ये."

"गावात कुणाला सांगितलं?"

"बाजारात इकलं म्हणून सांगितलंय."

मी एका बाजूने गोणपाट धरले. रेडकू खड्ड्यात उतरवून आप्पांनी माती लोटली, ती पायाने दाबली आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. नंतर ते ओढ्यात हातपाय धुऊन गावाकडे गेले. अक्काला पत्र द्यायला मी वस्तीत गेलो. ती तिथे नव्हती, माळावरच्या रानात रताळ्याचे वेल वळवत होती.