गोधडी पिळणारे हात

आमच्या समोरच्या घरातली मोनाली, पुंडलिकभाऊंची थोरली. सतरा वर्षांची, बुटकी, अंगानं भरलेली. तीन वर्षं कराटेच्या क्लासला गेली, ती मामेबहीण जात होती म्हणून. भाऊ गुलमंडीला कापडाच्या दुकानात कामाला. त्यांनी एकाच ताग्यातून दोघींना पांढरे ड्रेस शिवून घेतले. कुणाला काय झेपतं, हे कुणी विचारलंच नाही. मामेबहिणीची लाथ कानापर्यंत जायची, हिची कमरेच्या वर निघेना. पट्ट्याच्या परीक्षेत दोनदा नापास. क्लासमधल्या पोरी म्हणायच्या, "सरका गं, सिलिंडर आलं!"

भाद्रपद संपता संपता भाऊंनी सांगून टाकलं, "लई झालं. संक्रांतीपर्यंत काही करून दाखव, नायतर क्लास बंद. बारावी हाय तुझी."

घटस्थापनेआधी घरातलं सगळं पांघरूण धुवावं लागतं. नळाला पाणी आलं त्या दिवशी मी मोनालीला गच्चीवर हाक मारली, कारण ओली गोधडी पिळणं एकट्या बाईचं काम नाही. एक टोक मी धरलं, एक तिनं, आणि उलटसुलट पीळ घातला. तिनं मनगटं फिरवून जरा मागं ओढलं, तशी मी गोधडीसकट सपशेल आडवी!

"अगं बाई! काकू, लागलं का? मी तर जोर बी लावला नाय."

"जोर लावला नाही म्हणे!" मी हसत उठले. "पोरी, तुझं बळ हातात आहे आणि तू लाथा मारत बसलीस."

संध्याकाळी आरती करतानाही तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी तिला क्रीडा संकुलात युसरा मॅडमकडं नेलं. त्या जुदो शिकवतात. त्यात लाथ नाही. समोरचीचा जाड अंगरखा धरायचा आणि तिला गादीवर पाडायचं. मॅडमनी बाही पुढं केली. मोनालीनं धरली. मॅडमनी झटके दिले, अंग वळवून सोडवायला पाहिलं, बाही काही सुटेना.

"काकू, इसको अब्बी तक कां छुपाके रखे थे तुम?"

"गोधड्या पिळायला," मी म्हटलं.

भाऊ म्हणाले, "कराटे काय अन् जुदो काय, मुदत तीच."

पहिला महिना ती नुसतं पडायलाच शिकली. कोपरं काळीनिळी. कर्णपुऱ्याच्या देवीला जाताना मी तिच्यासाठी वेगळा नारळ घेतला.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी जिल्ह्याची स्पर्धा. मोनाली शेवटच्या लढतीपर्यंत पोचली. समोर तीन वर्षं शिकलेली उंच पोरगी. तिनं मोनालीला एकदा कुशीवर पाडलं, गुण घेतला. भाऊ माझ्या शेजारी रुमाल चावत बसलेले. मी देवीचं नाव घेत होते.

मग मोनालीच्या हाताला बाही लागली. ती पोरगी झटकतेय, ओढतेय, पण मोनालीनं मनगट फिरवलं.

मी ओरडले, "पीळ, मोनाली, पीळ!"

भाऊंना काही कळलं नाही, तरी तेही उभं राहून ओरडले, "पीळ गं पोरी!"

मोनाली वळली, बुटकी होती म्हणून तिच्या खाली शिरली, आणि ती उंच पोरगी पाठीवर सपाट! तसं पडलं की लढत तिथंच संपते. पंचानं हात वर केला. मागं बसलेली मामेबहीण शिट्ट्या मारत होती.

पदक गळ्यात घालून मोनाली धावत आली. अंगरखा खांद्याशी टरकन फाटलेला.

"आप्पा, मुदतीचं काय?"

भाऊंनी फाटलेलं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "कसली मुदत? हे लई पातळ हाय. उद्या दुकानातून जाड बघून आणतो."