मंगलाष्टकाआधीची टाळी

लग्नाच्या फिल्मा करायचं माझं दुकान मार्गासनीला आहे. कॅमेरे तीन: एक माझा, एक मित्राचा आणि तिसरा मांडवाच्या खांबाला बांधलेला, म्हणजे सर्वांत शिस्तीचा. आवाज मात्र वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यावा लागतो, कारण बँजो आणि जनरेटर यांच्यापलीकडे कॅमेऱ्याला काही ऐकू येत नाही. मग एडिटिंगला बसून तिन्ही चित्रं त्या आवाजाशी जुळवायची. कॉम्प्युटर हे आपोआप करतो म्हणतात. माझ्या कॉम्प्युटरने एकदा भटजींच्या तोंडी बँजो घातला, तेव्हापासून माझा विश्वास टाळीवर. कॅमेऱ्यांसमोर एक खणखणीत टाळी द्यायची. हात मिळतात ते चित्र आणि टाळीचा आवाज एका रेषेत आणला की झालं. या टाळीचा मला फार अभिमान होता.

विंझरच्या एका लग्नात मुलीचे वडील वरच्या वाडीवरचे, शेळ्या राखणारे. त्यांनी लेकीसाठी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं आणि कितीतरी महिने ते शेळ्यांना म्हणून दाखवत होते. लग्नाआधी दुकानात येऊन त्यांनी मला बजावलं, "बाकी काय बी गाळा, पन माजं तेवढं नीट घ्या. लेकीसमोर मला असं कवा बोलाया जमलं न्हाई."

"काका, निर्धास्त राहा," मी म्हणालो. असं मी सगळ्यांनाच म्हणतो.

लग्नात काकांच्या सदऱ्याला मी रेकॉर्डरचा माइक लावला होता. भटजींनी चौथं 'सावधान' म्हणून काकांना खूण केली. काकांनी खिशातून कागद काढला, घसा खाकरला. मांडव शांत झाला. मला वाटलं, हीच वेळ. मी पुढे होऊन टाळी वाजवली.

आता आमच्याकडे मंगलाष्टकं संपली की मांडव टाळ्या वाजवतो आणि त्या टाळ्यांवर बाहेरचा बँजो सुरू होतो. भुकेजलेला मांडव तर पहिल्या टाळीसाठी टपूनच असतो. माझी टाळी पडली आणि सगळ्यांनी तिला साथ दिली. अक्षता उडाल्या, बँजो सुटला, मामांनी अंतरपाट ओढला, हार पडले. भटजी हात वर करून काहीतरी सांगत होते, पण ते बँजोखाली गेलं. लागलेलं लग्न पुन्हा लावता येत नाही. पंगती बसल्या, आणि काका कागद धरून तिथेच उभे. टाळी म्हणाल तर तिन्ही कॅमेऱ्यांत सुरेख आली होती. मला स्वतःचीच लाज वाटली.

आठवड्याने रेकॉर्डर घेऊन वाडीवर गेलो. शिव्या खायची तयारी होती. काकांनी चहा दिला, ते जास्त लागलं. मग ते गोठ्यामागे जाऊन उभे राहिले. कागद काढला नाही.

"टाळी वाजवा," ते म्हणाले.

"आता गरज नाही, काका."

"वाजवा वो. हितं कोन हाय अक्षता टाकाया?"

मी वाजवली. शेळ्यांनी माना वर केल्या. काकांचा आवाज कापत होता, पण एकाही शब्दाला ते अडखळले नाहीत.

तो आवाज मी मांडवातल्या चित्रांवर बसवला. जुळवायला काही नव्हतंच, चित्रात काका तोंड मिटून उभे होते. अंतरपाटामागचा लेकीचा चेहरा, उडत्या अक्षता, पुन्हा काका, असं जोडत गेलो. मध्येच एक शेळी ओरडते, ती काढली नाही.

दिवाळीला लेक माहेरी आली तेव्हा लॅपटॉप घेऊन गेलो. पहिल्या ओळीलाच काका ताठ बसले आणि ओठ हलवू लागले. स्क्रीनवरचे काका गप्प, शेजारी बसलेले काका अक्षराला चुकत नव्हते. इतकी वर्षं टाळ्या वाजवून मला अशी जुळणी साधलेली नाही. हे लेकीला दाखवावं म्हणून वळलो, तर ती स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती वडिलांच्या तोंडाकडे बघत होती.

"अप्पा," ती म्हणाली, "आता हे बंद करून म्हना."

मी लॅपटॉप मिटला. काकांनी घसा खाकरला, आणि मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.