आठ टक्के

अपडेटचं बटण दाबलं आणि तीन तास चालणारी माझ्या लॅपटॉपची बॅटरी तासाभरातच मान टाकू लागली. माझ्या वर्गाचा निकाल पाचच्या आत ऑनलाइन भरायचा होता आणि साखरखेर्ड्यात घरची लाइट गेलेली. शेताच्या लाइनला दिवसा लाइट असते, म्हणून गाडी काढून थेट आमच्या विहिरीवर गेलो. मोटरच्या पेटीत चार्जर लावला. नऊ टक्के. आठ. शिवारातल्या सगळ्या मोटरी चालू, व्होल्टेज पार घसरलेलं. चार्जरचा दिवा लागून विझत होता. शेवटी मी आमची मोटर बंद केली. दिवा स्थिर झाला.

कांद्याला पाणी देणारा मोठा भाऊ वाफ्यातून ओरडला, "मोटर काऊन बंद पडली बे?"

"लाइट गेली," मी म्हणालो आणि पुढच्या मुलीचे गुण भरू लागलो.