जोतीरामची चिमटी

गगनबावडा रस्त्याला बाळासोचं गुऱ्हाळ आहे आणि जोतीराम तिथला गुळव्या. काम ऐकायला सोपं: काहिलीतला उकळता पाक नेमका कधी उतरवायचा, तेवढं सांगायचं. दोन मिनिटं आधी सांगितलं तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशिरा सांगितलं तर करपतो. बाकीचे गुळवे पळीभर पाक गार पाण्यात टाकतात आणि त्याची गोळी दाबून बघतात. जोतीराम ओली बोटं थेट पाकात घालायचा, चिमूटभर पाक उचलून पुन्हा पाण्यात. मग गोळी दाबून म्हणायचा, "उतरा."

चटका बसला की हात मागं येतो, तो मेंदूला विचारून येत नाही. पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू गावपातळीवरच निकाल देते आणि वर मागाहून कळवते. जोतीरामला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं ती खोड मोडली इतकंच, आणि त्यात तीन हंगाम आणि बरीच कातडी गेली.

गेल्या दोन वर्षांत मात्र चटका बसेनासाच झाला. बोटांना फोड यायचे ते त्याच्या बायकोला, तानाबाईला, दिसायचे, त्याला जाणवायचे नाहीत.

"हात मुरला माझा," तो म्हणायचा. गुऱ्हाळावर आलेल्या पावण्यांना बाळासो तो हात कौतुकानं दाखवायचा. ज्या बोटाला उकळता पाक कळत नाही, त्याला गोळी तरी काय कळणार, हा प्रश्न एवढ्या माणसांत एकालाही पडला नाही.

यंदा पौषात तीन आदणं, म्हणजे तीन काहिलींचा गूळ, बिघडला. गूळ बसेना, चिघळायचा. आधी ऊस वाईट ठरला, मग खत, मग हवा. दोष द्यायला काही उरेना, तेव्हा बाळासो बोलला.

"जोतबा, सोमवारचं आदण तुझं. तेबी गेलं तर दुसरा गुळव्या बघतो. राग मानू नगंस."

त्या दिवसापासून जोतीरामला बसवेना. तळव्यांत मुंग्या, पिंढऱ्यांत आग. उभा राहिला की चालावंसं वाटायचं, चालला की बसावंसं. अशाच एका फेरीत तो रानातून एकाच चपलेनं घरी आला. दुसरी पाटाच्या चिखलात राहिली होती आणि पायानं तसं काही कळवलंच नव्हतं. तानाबाईनं त्याला तसाच डॉक्टरकडं नेलं. गुळात हयात घालवलेल्या माणसाला साखर झाली आहे, हे सांगताना डॉक्टरही जरा चाचरले. त्यांनी नसांच्या तपासणीला शहरात, शाहूपुरीत पाठवलं.

तिथं मशीनवर सोनम नावाची मुलगी होती. तिनं मनगटाला, बोटाला चिकटपट्ट्या लावल्या.

"मामा, पाय हलवू नका."

"मी कुठं हलीवतोय? त्योच हलतोय."

तिनं बारीकसा झटका दिला. अंगठा आपोआप उडाला.

"बघ की, चालतोय हात."

"हुकूम खाली जातोय, मामा. बातमी वर येत न्हाई." तिनं पडदा त्याच्याकडं वळवला. हुकुमाच्या रेषेला टेकाड होतं. बातमीची रेष सरळ गेली होती. "कण्यापासनं पायाच्या बोटापतोर एकच धागा असतोय, एवढा लांब. साखरेनं लांबचे धागे आधी मरत्यात. म्हणून पहिल्यांदा पाय, मग हाताची बोटं."

"आन् चटका?"

"ते धागे लई बारीक. ह्या मशीनला दिसत न्हाईत. तुमचे बघायला मशीन कशाला, फोड हाईत की."

"परत येतील?"

तिनं पट्ट्या काढल्या. "साखर आवरा, हाईत ते राखा. गेलेल्याचं डॉक्टर सांगतील. मी भरवसा देत न्हाई."

"सोमवारी आदण हाय माझं," जोतीराम म्हणाला.

सोमवारी काहीलभर फेस चढला. बाळासो हाताची घडी घालून समोर उभा. तानाबाई नेहमीसारखी पाकावरची मळी काढत होती. जोतीरामनं काहिलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटं पाण्यात घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "ताने, हात धू."

"माझा? मी कवा गोळी बघितली?"

"पळीनं घे. पाण्यात टाक. दाब. काय म्हणतीया?"

"काय म्हणणार? गोळी हाय."

"ताने."

"मऊ हाय."

"कशागत?"

तिनं विचार केला. "कानाच्या पाळीगत."

जोतीरामनं स्वतःची पाळी चिमटीत धरली. बोटांनी काही सांगितलं नाही, पाळीनं सांगितलं. तिचा धागा आखूड होता, मेंदूच्या शेजारचाच.

"आजून न्हाई," तो म्हणाला. थोड्या वेळानं, "आता?"

"नाकाच्या शेंड्यागत."

त्यानं सगळ्यांदेखत नाक दाबून बघितलं. एकदा, दोनदा. "उतरा."

"ह्यात गुळव्या कोण हाय?" बाळासोनं विचारलं.

पाक गार करायच्या पसरट वाफ्यात ओतला. तो बसेपर्यंत थांबण्यापलीकडं कुणाला काम नव्हतं. जोतीराम वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिला.

"बसा की आवो," तानाबाई म्हणाली.

"गुळाला सांग."

शेवटी बाळासोनं अंगठा रोवून बघितला. अंगठा रुतला नाही. त्यानं कडेचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि दुसरा सवयीनं जोतीरामपुढं धरला. तानाबाईनं तो मधेच काढून घेतला.

"उद्या सातला या," बाळासो म्हणाला.

"कोण?" जोतीरामनं विचारलं.

"दोघंबी. आन् पळी घिऊन ये. तुझी बोटं पाकात दिसली तर गाठ माझ्याशी हाय."

जोतीरामनं मान डोलावली. त्याच्या पायातली चप्पल तानाबाईनं सुतळीनं घोट्याला बांधली होती. त्या चपलेतला पाय अजून हलतच होता.