अक्कांचा कॉम्प्युटर आणि माझा टीव्ही

बंद पडलेलं कुठलंही यंत्र समोर आलं, की अक्का आधी त्याच्या पाठीवर तळहात ठेवायच्या. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, नाहीतर आमच्या घरातला कुरकुरणारा फ्रिज. डोळे बारीक करून क्षणभर अंदाज घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बसू द्या जरा. तापलंय ते." गोठ्यात वाढलेली बाई. अंगाला हात लावून ताप ओळखायची सवय म्हशींवरून मिक्सरवर आली होती. यजमान चिडले तरी हेच वाक्य, फक्त हात ठेवायच्या नाहीत.

अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या गल्लीतली ही, बीडहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची. आमच्यापासून तिसरं घर. मी निवृत्त मास्तर, म्हणून मला त्या गुरुजी म्हणायच्या. त्यांना मात्र लहानथोर सगळे अक्काच म्हणत. माहेर सिरसाळ्याचं. तिथं मोठी शेती, दावणीला म्हशी आणि धाकटा भाऊ पुढारी.

एका दुपारी त्या माहेराहून आल्या त्या थेट आमच्या दारात. काखेत जुन्या लुगड्याचं गाठोडं.

"गुरुजी, तुमचा त्यो डबा टीव्ही हाय का मोडीत घातला?"

"आहे. माळ्यावर आहे."

"खाली काढा. आन् वैनीला सांगू नका."

वैनी, म्हणजे आमची बायको, त्यांच्या मागेच उभी होती.

गाठोड्यातून एक काळा, पाटीएवढा डबा निघाला. वर रबरी बटणं, त्यातली दोन उंदरांनी चाखून सोडलेली. भावानं ऑफिस बांधायला जुना गोठा पाडायला काढला होता, तिथं कडब्यामागच्या पत्र्याच्या पेटीत हे सापडलं.

"काय आहे हे?"

"कॉम्प्युटर."

मी डब्याच्या मागे पाहिलं, खाली पाहिलं. "बाकीचा कुठंय?"

"एवढाच असतोय. टीव्हीला लावायचा आन् टेपवरनं परोग्राम भरायचा."

मग चहाबरोबर सगळी हकीकत आली. अक्का मॅट्रिकला असताना त्यांचे एक मामा आखातातून हा डबा घेऊन आले. आणला होता भाच्यासाठी, म्हणजे अक्कांच्या भावासाठी. भाचा त्याच्याकडे फिरकेना. अक्का मात्र धारा काढून झाल्या की हात पुसून त्याच्यासमोर बसायच्या. सोबत आलेलं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं आणि एक प्रोग्राम लिहिला. म्हैस कधी लागली, म्हणजे गाभण राहिली, ती तारीख द्यायची, ती कधी विणार ते टीव्हीवर उमटायचं. वडिलांना बातम्या बघायच्या असल्या की ते आधी चिडायचे. नंतर नंतर बातम्या सोडून म्हशींचीच चौकशी करायला लागले. यंत्राला ते "आपलं पंचांग" म्हणायचे.

लग्न ठरलं तेव्हा अक्कांनी हा डबा सोबत मागितला. "त्यो भावाचा हाय," असं उत्तर मिळालं. त्याऐवजी फ्रिज दिला.

"आता भाऊच म्हनला, भंगारात घालू का ह्ये? म्हनलं, आन हिकडं."

दुसऱ्या दिवशी आमची वरात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. दुकानदारानं डबा उलटासुलटा केला.

"काकू, यात व्हॉट्सअ‍ॅप चालतं का?"

"तुझ्या जन्माच्या आदीचं हाय ते. कावून चालंल?"

तो भला माणूस. फुगलेले सुटे भाग बदलले, आतली उंदरांची घाण ब्रशनं काढली. बटणांखालच्या पातळ पट्टीचं टोक मात्र कुजलं होतं. "तेवढं कापून पट्टी परत खोचतो," म्हणाला आणि कात्री उचलली. अक्कांनी तोंड फिरवलं. गुरांचा डॉक्टर सुई काढतो तेव्हा मालक फिरवतो, तसं. "झालं का?" तीनदा विचारलं. त्यानं अजून कापलंही नव्हतं.

घरी माळ्यावरचा टीव्ही खाली आला. त्यावरचा विणलेला रुमाल बायकोनं घडी करून आपल्या हातातच ठेवला. वायर लावली, बटण दाबलं. पडद्यावर मुंग्या. मी टीव्हीची चॅनेल लावायची चकती फिरवत होतो, अक्का "मागं, मागं, लई म्होरं गेलात" म्हणत होत्या. अचानक मुंग्या थांबल्या. पडदा पांढरा झाला आणि खाली बारीक अक्षरात एक इंग्रजी ओळ आली.

"गप बसा सगळे," अक्का म्हणाल्या. कोणीच बोलत नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ ती एक ओळ वाचत बसल्या.

आता म्हशींचा प्रोग्राम भरायचा होता. पेटीत कॅसेट मिळाली होती, वर अक्कांच्या हातची चिठ्ठी: 'म्हशी'. बायकोनं टेपरेकॉर्डर काढून दिला, तोवर तीही आमच्यात सामील झाली होती. अक्का म्हणाल्या, "आता किर्र आवाज ईल, भिऊ नका." बटण दाबलं. आवाज आला तो असा:

"माझ्या बंधू-भगिनींनो! गेल्या पाच वर्षांत गावाला पानी आलं का?"

भावाची पहिली निवडणूक! पठ्ठ्यानं म्हशी पुसून त्याच कॅसेटवर भाषण भरलं होतं. कॉम्प्युटर बिचारा ऐकत राहिला. भाऊ नळयोजनेपासून स्मशानभूमीच्या रस्त्यापर्यंत गेला तरी पडद्यावर काही उमटेना. शेवटी अक्कांनीच टेप बंद केली.

"बगा गुरुजी, यंत्रालाबी पटंना."

आम्ही पोट धरून हसलो. अक्काही हसल्या, पण कॅसेट बाहेर काढताना त्यांनी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला, तो मला दिसला.

यंत्र चालू झाल्याची बातमी सिरसाळ्याला पोहोचायला वेळ लागला नाही. एका रविवारी दोन गाड्या भरून भाऊ आमच्या दारात आला. पांढरे कपडे, चार कार्यकर्ते आणि स्थानिक वाहिनीचा कॅमेरावाला. कॉम्प्युटर ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवायचा, असं ठरवूनच आला होता. आल्या आल्या कॅमेऱ्यापुढे सुरू झाला. "तालुक्यातला पहिला कॉम्प्युटर माझ्याकडं होता. तंत्रज्ञानाची आवड मला लहानपणापासून..."

अक्कांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस की मंग. चालव."

तो बसला. एक बोट उचललं, कार्यकर्त्यांकडे पाहिलं आणि एक रबरी बटण दाबलं. पडद्यावर एकदम आख्खा इंग्रजी शब्द उमटला. भाऊ मागे सरकला.

"मी तर येकच बटन दाबलं!"

"एका बटनाला आख्खा शबुद येतो त्याच्यात. तुला ठावं असंल की."

कार्यकर्त्यांनी छताकडे पाहिलं. कॅमेरावाल्यानं विचारलं, "साहेब, हे कापायचं का?"

भाऊ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "न्हाई, राहू दे." भाषणातला आवाज गेला होता. "खरं सांगू का, मला भ्या वाटायचं ह्याचं. हातबी लावला न्हाई मी कदी. अक्काच चालवायची. लगनात तिनं हेच मागितलं, आन् आमी फ्रिज दिला."

अक्का म्हणाल्या, "फ्रिज चांगला हुता रे."

भाऊ जेवून गेला. काचेच्या कपाटाचं नाव पुन्हा निघालं नाही.

नंतर अक्कांनी तो प्रोग्राम आठवून आठवून नव्यानं लिहिला. रोज दुपारी आमच्याकडे यायच्या, कारण टीव्ही अजून आमच्याच घरात होता. म्हशीवाले विचारायला येऊ लागले. एक गवळी पालीहून खास आला आणि उत्तर घेऊन खुशीत गेला. चार दिवसांनी परत आला, डोकं खाजवत.

"अक्का, तुमी तीस फेब्रुवारी सांगितली. औंदा हाय का ती?"

अक्का जराही गडबडल्या नाहीत. "तुझी म्हस नीट हाय. माझं गनित चुकलं." आणि दोन दुपारी खपून त्यांनी फेब्रुवारी ताळ्यावर आणला.

पुढं त्यांचे यजमान वारले. मुलगी पुण्याला न्यायला आली. "आई, घरी भिंतीएवढा टीव्ही आहे," ती म्हणाली. अक्कांनी तिला त्या टीव्हीच्या पाठीमागचा फोटो मागवायला लावला, नीट पाहिला आणि मान हलवली. त्यांची वायर बसेल असं भोक त्याला नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं रुमाल आणून टीव्हीवर घातला आणि ती म्हणाली, "वाटेत ऊन लागू नये."

मुलीच्या गाडीत सामान मावेना, म्हणून अक्का एस.टी.नं निघाल्या. माझाच टीव्ही मीच खांद्यावर घेऊन स्टँडवर गेलो. कॉम्प्युटर अक्कांच्या मांडीवर, टीव्ही शेजारच्या सीटवर खिडकीशी. कंडक्टरनं त्याचं तिकीट काढायला लावलं, तेही अक्कांनी काढलं. मी खाली खिडकीपाशी उभा होतो.

"चकती हळू फिरवा," एवढंच म्हणालो.

"व्हय गुरुजी."

गाडी हलली. वाऱ्यानं रुमाल एका बाजूला सरकला आणि टीव्हीची काच उघडी पडली. त्या राखाडी काचेत मला सगळा स्टँड दिसला, रसवंतीचं दुकान दिसलं, आणि मधोमध हात वर केलेला एक म्हातारा मास्तर, लहान लहान होत गेलेला.