मोरगार्टनच्या खिंडीत दोन जावांचा गनिमी कावा

बहारीनचा ऑगस्ट म्हणजे तापलेली कढई. त्यातून सुटून आम्ही दोन जोडपी स्वित्झर्लंडला निघालो, तेव्हा सगळे खुशीत होते. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई सोडून. गेल्या गणपतीत चाळीस पाहुण्यांसमोर सुमनवहिनी म्हणाल्या होत्या, "हिचे मोदक फुटतात." झालं! आमचं बोलणं खलास. आमच्याकडे चुली कितीही झाल्या तरी गणपती एकच, बहारीनमधल्याच जनाबिया भागातल्या त्यांच्या घरी. यंदा मात्र मी हूऱ्यातल्या आमच्या घरी माझा वेगळा बसवणार होते. नवरा बिचारा तोंड पाडून फिरत होता.

वहिनींचे यजमान, आमचे भाऊजी, इंजिनिअर. सहलीचं वेळापत्रक मिनिटांत. चहा: पाच मिनिटं!

तिसऱ्या दिवशी झुरिकहून झूगपर्यंत रेल्वे आणि पुढे बसने तळ्याकाठच्या मोरगार्टनला. थालीपिठं बांधून न्याच. तिथल्या एका कॉफीच्या पैशांत हूऱ्यात दोघं पोटभर जेवतात. भाऊजींनी उतरल्या उतरल्या व्याख्यान लावलं. सातशे वर्षांपूर्वी इथे ऑस्ट्रियाचे चिलखती घोडेस्वार चिंचोळ्या वाटेत अडकले, वरून शेतकऱ्यांनी दगड-ओंडके लोटले, आणि डोंगरातल्या तीन मुलखांनी मग आपला करार आणखी पक्का केला. सगळं उभ्याने ऐकायचं.

शेवटी आमच्या पायांनी संप केला. वाटेच्या वर झाडाखाली आम्ही दोघी बसलो, मध्ये चार हात अंतर. पुरुष पुढे जुना बुरूज बघून खालच्या वाटेने परतताना दिसले. भाऊजी अजून बोलतच होते.

वहिनींनी खाली बघितलं. अकरा महिन्यांनी पहिल्यांदा मला म्हणाल्या, "नेम कसा आहे गं तुझा?"

"मोदकांपेक्षा बरा."

त्या फस्सकन हसल्या. शेजारी पाइनची सुकी बोंडं पडलेली. यल्ला, होऊन जाऊ दे! पहिलं बोंड भाऊजींच्या टोपीवर.

"अरे, इथे माकडं आहेत वाटतं!"

"दादा," माझा नवरा म्हणाला, "ही माकडं मराठीत हसतायत."

भाऊजी शरण आले. वेळापत्रक आम्ही जप्त केलं आणि तळ्याकाठी दोन तास नुसती थालीपिठं खाल्ली. वहिनी हळूच म्हणाल्या, "चुकलंच माझं. तुझ्यासारखी उकड मला जमत नाही, म्हणून जळत होते." माझे डोळे भरून आले. मेली ही हवा, दुसरं काय!

काय उरलं त्या सहलीचं? एक बोंड. यंदा ते जनाबियाच्या मखरात, बाप्पाच्या पायाशी होतं. मोदक आम्ही दोघींनी वळले. तरी एक फुटलाच. मी दचकून वहिनींकडे बघितलं.

"बघतेस काय?" त्या म्हणाल्या. "तो ह्यांना वाढ. शत्रूला."